शनिवारची सुट्टी

जळगाव,
९ नोव्हेंबर

प्रिय एझ्राभाऊ,

शालोम. तू, वहिनी, नातवंडं सगळे सुखरूप असाल. तिकडे इस्रायलात, अश्दोदला थंडी पडली का? इथे बाजारात भरताची वांगी आली, म्हणजे आमच्या लेखी पडलीच. वहिनीला म्हणावं, गुडघ्यांना तेल लाव आणि माझी मालिका बघू नकोस; सध्या मी सुनेला फार छळते.

हो, अजून सासूच करते. फोनवर तू म्हणालास, "या वयात पुरे झालं हे." भाऊ, मी नर्स झाले तेव्हा तुला लाज वाटली, आकाशवाणीवर केळीचे भाव वाचायला लागले तेव्हा तू हसलास आणि नाटकात शिरले तेव्हा काही वर्षं बोलणंच टाकलंस. मी सगळं केलं आणि मजेत केलं. पन्नाशीत बुलेट शिकले, तेही आजच कळवते. घे, अजून एक कारण रागवायला.

पण एक गोष्ट सोडली नाही. माझ्या प्रत्येक करारात पहिली अट असते: शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काम बंद, शनिवारी शब्बाथची सुट्टी. निर्माते बोटं मोडतात. एकानं विचारलं, "कपाळावर एवढं मोठं कुंकू, आणि हे कसलं व्रत?" म्हटलं, कुंकू तुमच्या मेकअपवाल्याचं, शनिवार माझ्या बापाचा.

गेल्या वर्षी धुळ्याजवळ सुकदेव पाटलांच्या मळ्यात शूटिंग होतं. शुक्रवारी सीन लांबला, सूर्य टेकायला आला, तरी दिग्दर्शकाचं आपलं "पाचच मिनिटं." मी पदर खोचला आणि सरळ मळ्यातल्या घराकडे चालू लागले. शब्बाथच्या दिव्याचं तेल हॉटेलवर राहिलं होतं. पाटलांनी काही न विचारता वाटीभर तेल काढून दिलं आणि माझी प्रार्थना होईपर्यंत टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले. मग म्हणाले, "तुमना देवले तेल लागस, आमना देवले बी तेलच लागस. मंग भांडन कसानं शे?"

मला हसूच आलं. टोपी काढायची नसते, उलट डोक्यावर ठेवायची असते, हे त्यांना नंतर सांगितलं. आता ठेवतात.

हो, आता. शुक्रवारी मी बहुधा धुळ्यालाच असते. ते माळकरी, घरात मांसमच्छी शिजत नाही, त्यामुळे माझ्या खाण्याची अडचणच मिटली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एवढं वाचून तुला कळलंच असेल. डिसेंबरात आम्ही लग्न करतोय, नोंदणी पद्धतीनं. ते माळ काढणार नाहीत, मी शनिवार सोडणार नाही.

आदल्या दिवशी आपल्या एलियाहू हन्नबी प्रेषिताच्या नावानं मलिदा करणार आहे; गूळखोबऱ्याचे पोहे, वर फळं, आई करायची तसाच. प्रार्थना म्हणायला इथे आपला एकही पुरुष नाही. तू आलास तर तू म्हण. नाही आलास तर मी म्हणेन. मुलगी आहे म्हणून पप्पांनी मला प्रार्थना शिकवायची काही राहू दिली नाही.

सव्विसाव्या वर्षी तू मला काय म्हणालास, आठवतं ना? परजातीत लग्न केलंस तर सात दिवस जमिनीवर बसून तुझं सुतक पाळीन. मी घाबरले. आकाशवाणीतल्या त्या भल्या माणसाला नाही म्हटलं, आणि मग जन्मभर कॅमेऱ्यापुढे दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं लावत बसले. फार दुखलं, भाऊ. अजूनही दुखतं.

या वेळी मी परवानगी मागत नाही. तू यावंस असं मनापासून वाटतं, तेवढं मात्र मागते. नाहीच आलास तर खुशाल बस जमिनीवर. मालिकांत मी कितीदा मेले. फोटोला हार घालून लोक रडत असतात आणि मी बाजूला बसून भजी खात असते. तू रडशील ते मात्र खोटं नसेल, म्हणून सांगते. आठव्या दिवशी उठलास की फोन कर. मी उचलेन.

तुझी जिवंत बहीण,
सिपोरा