भूमितीत कच्ची

१२ सप्टेंबर १९३८
रुख्मिणीला त्रिकोणाचा साधा सिद्धांत का समजत नाही? मला याचं उत्तर सांगता येत नाही. मुलगी मॅट्रिकच्या वर्गात. शाळा सुटल्यावर आज सलग नवव्या दिवशी वही घेऊन आली. "बाई, तिन्ही कोन मिळून दोन काटकोन काहून होते?" पाच ते साडेसहा शिकवलं. समजलं म्हणाली. उद्या पुन्हा विचारील.
संकल्प: मदत मागायला आलेल्या मुलीला परत पाठवायचं नाही. घरातली पहिली बी.ए. मी. मला विचारायला कोणी नव्हतं.

१४ सप्टेंबर
नवी मेथड. पुठ्ठ्याचा त्रिकोण, तिन्ही कोपरे कापून एका रेषेत. रुख्मिणीचं लक्ष खिडकीबाहेर. "टांगा गेला का, पाहून राहिली होती बाई." एकाग्रता कमी. फळ्यावर मी घाईत 'ब'च्या जागी 'क' लिहिला होता, तो तिने उठून मुकाट्याने दुरुस्त केला. योगायोग.

२७ सप्टेंबर
तिचे वडील बाबाराव आले. इतवारीत धान्याचं दुकान आहे. म्हणाले, "पोरीले अजून किती दिवस थांबवता बाई? कन्हानचे पाव्हणे तीनदा टांगा करून आले अन् वापस गेले. मुलगी पाहाव, तर मुलगी शाळेत!" मी सांगितलं, शिक्षणापुढे पाहुण्यांचं काय एवढं? "शिकू द्या ना. पण शिकली कधी म्हणाव?"
म्हणजे माझ्या मेथडवरच संशय! घरी आईला सांगितलं, तर ती म्हणे, "काहून वं, बी.ए. झाली तू, अन् एक तिरकोन शिकवता येत नाही तुले?"
जेवले नाही. भूक नव्हती.

१० ऑक्टोबर
हेडमिस्ट्रेस शामलाबाईंनी बोलावलं. मुलगी महिनाभर रोज थांबते आणि तिमाहीत भूमितीत भोपळा. मला परमनंट करायचं की नाही, याचा विचार करावा लागेल म्हणाल्या. दोष माझा नाही, मुलीचा गणिताचा पायाच कच्चा आहे, हे मी स्पष्ट सांगितलं.
रुख्मिणीला मात्र सगळं बोलून गेले. नोकरीचंही. बोलायला नको होतं. डोळ्यांत पाणी आलं ते खडूच्या धुळीनं.
तिने वही मिटली. मग म्हणाली, "माह्यापायी तुमची नोकरी जाईन का बाई?" आणि जाता जाता: "उद्या टेस्ट घ्या माही."

११ ऑक्टोबर
विजय! शामलाबाईंच्या समोर रुख्मिणीने दहा मिनिटांत सिद्धांत लिहिला. वर पुस्तकात नाही अशी दुसरी सिद्धताही. मलासुद्धा ती माहीत नव्हती. पुठ्ठ्याची मेथड सिद्ध झाली. या मेथडवर लेख लिहायचा. मी परमनंट.
बाबारावांना लगेच चिठ्ठी: मुलगी भूमितीत पक्की झाली, आता थांबण्याची गरज नाही. रुख्मिणीच्याच हाती दिली. तिने ती दोनदा वाचली आणि वाकून नमस्कार केला. किती कृतज्ञ मुलगी!

८ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला. रुख्मिणी शाळेत नाही. तापबिप असेल. पाच वाजता सवयीनं पुठ्ठे मांडले, मग आवरले. लेखाचं शीर्षक छान जमलंय.

१ डिसेंबर
परवा कन्हानला रुख्मिणीचं लग्न झालं. तिची मैत्रीण पुष्पलता, वर्गात पहिली येणारी, रुख्मिणीची भूमितीची वही घेऊन आली. "तुम्हाले द्यायला सांगितली बाई. तिकडं लागत नाही म्हणे."
पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण सोडवलेलं, अगदी शेवटच्या धड्यापर्यंत. माझा सिद्धांत पहिल्याच पानावर. तारीख ५ जुलै. मी तो वर्गात ऑगस्टमध्ये शिकवला.
मग ती रोज कशासाठी यायची, असं मी पुष्पलताला विचारलं. ती म्हणाली, "खरंच माहीत नव्हतं तुम्हाले?"
मला टांगा आठवला.
लेख फाडला.

५ डिसेंबर
पाच वाजता पुष्पलता दारात. त्रिकोणाचा सिद्धांत समजत नाही म्हणाली. तिमाहीत तिला भूमितीत शंभरपैकी शहाण्णव होते. माझ्याकडे न बघता तिने पुठ्ठे उचलले आणि स्वतःच मांडायला घेतले. मी तिला खिडकीपासून लांब, रस्त्यावरून दिसणार नाही अशी बसवलं.
शाळेच्या शिपाई प्रयागबाई आत्ताच पुष्पलताच्या घरी माझी चिठ्ठी देऊन परत आल्या. 'आपली मुलगी भूमितीत फार कच्ची आहे. मार्चच्या परीक्षेपर्यंत रोज साडेसहापर्यंत थांबवावी लागेल. लवकर सुधारेल असं दिसत नाही.'