वाक्यात उपयोग

नायगाव,
दि. १३ जुलै २०२५

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लातूरच्या हॉस्टेलवाल्यांनी मोबाइल जमा करून घेतले, त्यामुळे आपल्या दारी पुन्हा पोस्टमन दिसू लागला. नीटच्या क्लासच्या पहिल्याच टेस्टला ‘फ्लाइंग स्टार्ट’ घेतलास म्हणून लिहितेस. बस स्टँडवर निघताना मीच तुला हा दणदणीत सुरुवातीचा वाक्प्रचार दिला होता. वाक्यात उपयोग बरोबर केलास, इंग्रजीच्या मास्तरची लेक शोभतेस! सोबत आजीने कारळाची चटणी पाठवली आहे, एकटीच खाऊ नकोस. काही लिहायचं राहून गेलं असेल तर सावकाश लिही.

तुझाच,
पप्पा

लातूर,
दि. २० जुलै २०२५

ती. पप्पांना सविनय जय भीम.

तुमचं पत्र वाचलं आणि चटणी घशाखाली उतरेना. पप्पा, मी खोटं लिहिलं. त्या टेस्टला सातशेवीसपैकी एकशे अडुसष्ट पडले. माझी रूममेट शिवांगी, उमरीची, तिला पाचशेच्या वर आहेत. तुम्ही स्टँडवर सगळ्यांसमोर फ्लाइंग स्टार्ट, फ्लाइंग स्टार्ट करून राहिला होतात, मग मला दुसरं काही लिहायला हातच उचलेना.

आणखी एक. मार्कांचा मेसेज पालकांना जातो. तिथे मी मुद्दाम आजीचा नंबर दिला, कारण तिला वाचता येत नाही. याची मला जास्त लाज वाटते. लई रागवा, पण मला परत नेऊ नका. मला डॉक्टर व्हायचंच आहे.

माया कमी करू नका.
तुमची प्रियू

नायगाव,
दि. २४ जुलै २०२५

चि. प्रियूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हुश्श झालं बघ. अगं वेडाबाई, आजीला वाचता येत नाही, म्हणूनच मेसेज वाजला की ती फोन घेऊन माझ्याकडे येते! एकशे अडुसष्टचा मेसेज मी तुझ्या पहिल्या पत्राच्या चार दिवस आधीच वाचला होता. वाट होती ती फक्त तू सांगण्याची. परत नेण्याचं माझ्या मनातही आलं नाही. चूक माझीच, निघालेल्या पोरीच्या हाती डबा द्यावा, वाक्प्रचार नव्हे. परवाच्या टेस्टचे दोनशे अकराही पाहिले. चालू दे तुझं.

खोटं मीही बोललो. आजीला दर वेळी वाचून दाखवायचो की प्रियू खुशाल आहे, पोटभर जेवते. काल तिला खरे मार्क सांगून टाकले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की ते समदं असू दे, पोरगी जेवून राहिली का न्हाई.

मेसेजमध्ये हे येत नाही. उलट टपाली कळव. तिला वाचून दाखवायचं आहे, तेव्हा खरं लिही.

तुझाच,
पप्पा