इंटरलाकेनच्या फलाटावरची बाई

नाशिक,
५ जून २००४

प्रिय आशावन्सं,

सप्रेम नमस्कार. निफाडला तुम्ही सगळे बरे असाल. आम्हीही बरेच म्हणायचे. स्वानंदीने आणि जावयांनी हौसेने पाठवलेली युरोपची सहल एकदाची पार पडली. "आई, आता तरी जग बघा," म्हणाली लेक. जग कसलं बघतेय? मी सगळी सहलभर तुमच्या भावालाच बघत होते.

पॅरिसला हॉटेलच्या टीव्हीचा रिमोट ह्यांनी आपल्या बॅगेत भरला. स्वेटर रोज उलटा. बसमध्ये घडीघडी विचारायचं, "मनमाड आलं का?" रेल्वेत गार्ड म्हणून जन्म गेला, म्हणून मी ते थट्टेवारी नेलं. सहलीतल्या विमलाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, कुणाला दाखवलंत का?" मी फटकन म्हटलं, "झोप झाली नाही त्यांची." पुढे त्या बाईशी बोललेच नाही.

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला मात्र कळस झाला. चॉकलेटच्या दुकानातून बाहेर येते, तर हे गायब! आमच्या सहलीचा व्यवस्थापक गौरांग म्हणतो, "काकू, अख्खी बस खोळंबलीय हो." बस खोळंबली म्हणे! ह्यांना ना भाषा येत, ना खिशात हॉटेलचा पत्ता.

शोधत शोधत स्टेशनवर गेलो. फलाटावरच्या बाकावर हे मजेत बसलेले, शेजारी एक गोरी, जाडशी बाई. ह्यांचा हात तिच्या हातात, आणि दोघं मिळून माझी शंकरपाळी खाताहेत! खरं सांगते वन्सं, आधी मला तिचाच राग आला.

तेरेसा तिचं नाव. मूळची पोर्तुगालची, तिथे नोकरीला आलेली. ह्यांच्यापायी तिची गाडी सुटली होती, नंतरचीही तिने सोडून दिली होती. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी विचारलं, "तुम्ही गेला का नाहीत?"

"त्यांनी हात धरला होता," ती म्हणाली. "सोडवून कशी जाऊ?"

मग तिनेच विचारलं, "आशा कोण?"

हे तिला आशा समजत होते. माझ्यादेखत तिला म्हणाले, "आशा, झोपू नकोस हं, आता मनमाड येईल." त्यातलं तिला काही कळत नव्हतं, नाव तेवढं तिने पकडलं होतं.

"यांची धाकटी बहीण," मी म्हटलं.

"कुठे असते?"

"आमच्या गावाजवळच."

"दूर आहे?"

परक्या मुलखातली बाई, पुन्हा कधी भेटणार नव्हती. खोटं बोलले असते तरी चाललं असतं. पण बोलवेना. म्हटलं, "बसने तासाभरावर."

तिने ह्यांचा हात माझ्या हातात दिला आणि गाडीत चढली. मला असा संताप आला! तिचा नाही, तुम्हा दोघा भावंडांचा.

स्वानंदीच्या लग्नात भर मांडवात हे तुमच्या यजमानांना "फुकटचे सल्ले नकोत" म्हणाले आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात. ह्यांचं चुकलंच. पण त्यानंतर इतकी वर्षं ना तुम्ही पायरी चढलात, ना ह्यांनी फोन उचलला. मी मध्ये पडले की दोघंही माझ्यावरच डाफरणार.

परत आल्यावर डॉक्टरांना दाखवलं. आजाराचं नाव लिहायला हात होत नाही. हळूहळू सगळं पुसत जाणार म्हणे. अलीकडचं आधी, जुनं मागाहून. परवा मला म्हणाले, "बाई, आपण कुणाकडे आलात?" मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून गेले. हे तुम्हाला कळवायचं नव्हतं, लिहून गेले.

तुम्ही माफीची वाट बघत असाल, तर ती आता यायची नाही. ते भांडण त्यांच्या डोक्यातून पार गेलंय. उठल्याबरोबर विचारतात, "आशा अजून कशी आली नाही?" रोज मी नवं काहीतरी सांगते. मेटाकुटीला आलेय हो मी. राग धरणाऱ्या आता तुम्ही एकट्याच उरलात. तो सोडा असंही म्हणत नाही, बरोबर घेऊन या. काय बोलायचं ते मला बोला, मी ऐकून घेईन. पण ते तुम्हाला ओळखताहेत, तोवर या.

वाट बघणारी,
तुमची उत्तरावहिनी