दार बदललेलं देणं

आई, तुला क्रेडिट कार्ड कधी दाखवलं नाही, कारण तू होतीस तेव्हा माझ्याकडेही ते नव्हतं. तू गेलीस तेव्हा माझ्या पोरीला पहिले दात येत होते. आता ती कॉलेजात जाते आणि दात माझे दुखतात. एवढ्या वर्षांनी तुला लिहायला बसले आहे ते कुठला सण किंवा तुझी तिथी आहे म्हणून नाही. तुझ्याकडून शिकलेली एक गोष्ट मी करून पाहिली आणि ती बिघडली, म्हणून लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगायची तर आधी सावड म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढं त्राण हल्ली माझ्यात नसतं.

तिकडे गावी, रिह्यात, आता सावडीने भाताची आवणी कोण करतं? आपल्या ओढ्याकडच्या दोन खाचरांच्या जागी फार्महाऊस झालं आहे, तिथे शनिवार-रविवार पुण्याची माणसं येऊन गवतावर खुर्च्या टाकून बसतात. उरलेल्या खाचरात दादा बाहेरून मजूर आणतो, एकरावर ठरवतो आणि मोकळा होतो. तुझ्या वेळी पैसा मधे यायचाच नाही. आज चार बायकांनी आपल्या खाचरात भाताची रोपं लावली की आपल्या अंगावर चार दिवस चढायचे, आणि ते एकेकीच्या बांधावर जाऊन फेडायचे. कुणाचा दिवस कुणाकडे हे कुठे लिहिलेलं नसायचं, पण सगळ्या आळीला तोंडपाठ असायचं. मला तेव्हा वाटायचं, या बायकांना दुसऱ्याच्या घरातलं जरा जास्तच ठाऊक असतं. आता वाटतं, तेच बरं होतं.

वरल्या आळीतली ती बाई तुला आठवत असेलच. तिचा दिवस अंगावर असला की तू आदल्या दिवसापासून गप्प व्हायचीस. ती उजाडायच्या आत बोलवायची, अंधार पडेतो सोडायची नाही, चहा म्हणून कोमट पाणी द्यायची आणि वर 'हिचा हात लई हळू चालतोय' असं गावभर सांगायची. आणि तिच्या दिवशी गेलं नाही, तर एकाचे दोन मागायची. त्या वर्षी तुझ्या पायात काटा मोडून पाय सुजला होता, तुझा दिवस चुकला, आणि ती दारात येऊन म्हणाली, "आता दोन दिवस द्यायचं. माजं रोप पिवळं पडलं तुज्यापायी." मी चुलीपाशी बसून भाकरी खात होते आणि तू मान खाली घालून पायाला हळद लावत होतीस, हे मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी तू लंगडत ओढ्यापलीकडच्या काकूकडे गेलीस. काकू परिस्थितीने बेताची होती, पण माणुसकीची. तिला घेऊन तू सरळ त्या बाईच्या बांधावर गेलीस, मी तुझ्या मागे. खाचरात चार बायका वाकलेल्या होत्या. तू तिथे उभी राहून, जरा मोठ्यानेच म्हणालीस, "तुजा एक दिवस माज्याकडं हाय, दोन न्हाईत. त्यो आज ही फेडतीया माज्या जागी. आजपासनं तुजं माजं मिटलं, आन् माजं देणं हिच्याकडं. तुमी चौघी बी ऐकून ठेवा." ती बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. चार जणी ऐकत असताना दोन कसे मागणार? "मला काय, हात मिळालं म्हंजी झालं," असं म्हणून ती पुन्हा वाकली. परत येताना मी तुला विचारलं होतं, मग आपला दिवस फिटला का? तू म्हणालीस, "फिटतोय कुटला. दार बदललं फकस्त. पर ह्या दारातली एकाचं दोन करत न्हाई, मंजी फेडता येतंय." पाय बरा झाल्यावर तू काकूच्या खाचरात दिवसभर राबलीस आणि वर थोडं निंदूनही दिलंस. त्या वरल्या बाईच्या बांधावर मात्र तू पुन्हा कधी मदत मागायला गेली नाहीस. कापणीला माणूस कमी पडलं, भात झडायला आलं, तरी नाही.

आता माझं सांगते. जावई तुला आवडायचा, पण 'सातारकडचा हाय, लई बोलत न्हाई' अशी तुझी तक्रार असायची. अजूनही बोलत नाही. उरवड्याच्या ज्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, तो मालकाने दुसऱ्या राज्यात हलवला आणि हा घरी बसला. बरेच महिने बसला. रोज सकाळी दाढी करायचा, शर्ट घालायचा आणि पिरंगुटच्या चौकात जाऊन परत यायचा. तो शर्ट मी रोज रात्री इस्त्री करून ठेवायचे. मी शेजारच्याच कारखान्यात डिस्पॅचला आहे, माल कुठल्या गाडीत कुठे जातो ते बघते. माझ्या पगारात भाडं आणि पोरीची फी एवढंच बसत होतं. बाकीचं मी कार्डावर चालवलं. किराणा, गॅस, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्याने विचारलं की म्हणायचे, भागतंय, काळजी करू नका. त्याला कमीपणा वाटू नये म्हणून म्हणायचे. खोटं बोलायला इतकं चांगलं कारण मिळालं की माणूस कशाला थांबतंय?

कार्डाचं असं आहे आई, की महिन्याला सगळं भरलं तर ते गुणी पोरासारखं असतं. नाही भरलं तर त्या वरल्या आळीच्या बाईसारखं. थोडे पैसे भरा, बाकीचे राहू द्या, असं गोड बोलतं, आणि राहिलेल्यावर शेकडा साडेतीन व्याज लावतं, तेही दर महिन्याला. मी थोडे थोडे भरत राहिले आणि आकडा तिथेच बसून राहिला, वर जरा फुगायलाही लागला. मग एके दिवशी दुपारी मी खोक्यांच्या थप्पीमागे उभी असताना दुसऱ्या बँकेतल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमचं जुन्या कार्डाचं आउटस्टँडिंग आमच्याकडे ट्रान्सफर करून घ्या. आम्ही त्यांचे पैसे भरून टाकतो, तुम्ही आमचे हप्त्याने द्या. सुरुवातीला इंटरेस्ट अगदी कमी." ती पुढे घडाघडा प्रोसेसिंग फी, मुदत वगैरे सांगत होती. मी म्हटलं, "कळलं गं. दार बदलायचं." ती थांबली. "हॅलो? मॅडम, आवाज येतोय ना?" मला हसू आलं, आणि मग एकदम रडू आलं. कारण मला वाटलं, तू त्या थप्पीच्या पलीकडे लंगडत उभी आहेस.

बाकीच्यांना हे समजायला वेळ लागला असता. मला लागला नाही. फी वजा जाता व्याज किती वाचेल ते मी डिलिव्हरी चलानाच्या मागच्या बाजूला मांडून पाहिलं. वाचत होतं, खरोखर वाचत होतं. मुदतीच्या आत फेडलं तर सुटका होती. मी होय म्हटलं. नवं कार्ड आलं, जुन्याचा आकडा शून्यावर आला. त्या दिवशी मी घरी येताना अर्धा किलो जिलबी आणली आणि कशाची म्हणून सांगितलं नाही. नव्याचा एकही हप्ता मी चुकवला नाही, हे तुला मुद्दाम सांगते, म्हणजे पुढचं ऐकशील.

पण तू त्या बाईच्या बांधावर पुन्हा गेली नाहीस, आणि मी गेले. जुनं कार्ड शून्य झालं म्हणजे ते पुन्हा रिकामं झालं ना. ते मी बंद करायला हवं होतं. बँक तर रोज मेसेज पाठवत होती, तुमची मर्यादा उपलब्ध आहे, तुमची मर्यादा वाढवली आहे. माझी मर्यादा बँकेला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पोरीला लॅपटॉप हवा होता, वर्गात सगळ्यांकडे होता. मग सासूबाईंची कवळी. मग मे महिन्यात पाण्याचे टँकर, सोसायटीने वर्गणी काढली. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं एकदाच. आता दोन्ही दारं उघडी आहेत, आणि जुन्या दाराचा आकडा नव्यापेक्षा मोठा झाला आहे. मला आता रागही येत नाही. जिना चढताना मधल्या पायरीवर बसावंसं वाटतं, तसं दिवसभर वाटतं.

हे सगळं कदाचित असंच चाललं असतं. पण त्याला आता बरं काम लागलं आहे. दुसऱ्याची गाडी घेऊन हिंजवडीच्या आयटीवाल्यांना ने-आण करतो. त्याला स्वतःची गाडी घ्यायची आहे. त्यासाठी कर्ज, आणि कर्जाला दोघांच्या सह्या. गुरुवारी बँकेत जायचं आहे. तिथला माणूस कॉम्प्युटरवर दोघांची आधीची सगळी देणी उघडून बघतो. म्हणजे माझं हे परक्या माणसाच्या तोंडून, टेबलापलीकडून त्याला कळणार. एवढी वर्षं गप्प राहणाऱ्या माणसाचं तोंड तेव्हा कसं होईल, या विचाराने मी आठवडाभर जेवले नाही नीट. मग ठरवलं की आधी आपणच सांगायचं. तुझ्यासारखं, मोठ्याने.

तुला ती साखरेची वाटी आठवते? काकूकडून उसनी आणलेली साखर परत द्यायला तू मला पाठवलीस. तू नेहमी देताना शीग लावायचीस, घेतलं त्याहून चार दाणे वर. मी वाटेत शीग खाल्ली, वर जरा आतलीही खाल्ली. काकू काही बोलली नाही, पण तुला कळलं. तू मला हाताला धरून परत घेऊन गेलीस आणि म्हणालीस, "सांग." मी म्हटलं, थोडी सांडली. तू म्हणालीस, "सांडली न्हाई. खाल्ली. सांगायचं तर आक्खं सांग, न्हाईतर गप ऱ्हा." मला तुझा इतका राग आला होता की दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.

आज सकाळी तो पोहे खात होता. पोरगी क्लासला गेली होती. मी समोर बसले आणि म्हटलं, मला काही सांगायचं आहे. त्याने ताटली खाली ठेवली. मी नव्या कार्डापासून सुरुवात केली, कारण ते सांगायला सोपं होतं. तुम्ही घरी होतात तेव्हा असं असं झालं, मग असं व्याज चढलं, मग मी दुसऱ्या बँकेकडे वळवलं, आता इतके राहिलेत. आकडा सांगितला. त्याने ताटली बाजूला सरकवली. मग तो म्हणाला, "एवढंच व्हय?"

तोच पुढे म्हणाला, "मला वाटलं काय आन् काय सांगतीयस. आजारबिजार. एवढं तर फेडू की गं दोघं मिळून." आणि मग, इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्याने केलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माज्यापायी एकटी वढत बसलीस व्हय? मला तवाच सांगायचं." हात तसाच ठेवून त्याने विचारलं, "अजून काय न्हाई ना?"

जुन्या कार्डाचा आकडा माझ्या जिभेवर होता. तो हात डोक्यावरून निघेल, एवढीच भीती होती आई. मी म्हटलं, नाही.

तो खाली गाडी धुतो आहे. बादलीचा आवाज इथवर येतो आहे. मधूनच तो शीळ घालतो आहे, ती मी कंपनी हलल्यापासून ऐकली नव्हती. गुरुवार काही लांब नाही. तू असतीस तर मला हाताला धरून त्या जिन्यावरून खाली नेलं असतंस आणि म्हणाली असतीस, सांग. तू नाहीस. म्हणून उरलेलं देणं मी तुला सांगून टाकलं आणि जरा हलकं वाटलं. मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं. दार बदललं, आणि या वेळी तुझं निवडलं, कारण तुझ्या दारात मागायला कुणी उभं राहत नाही.