बाबांच्या टेबलाची फट

२ फेब्रुवारी, सकाळी ७
निश्चय पक्का. बाबांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या जेवणाच्या टेबलाला मधोमध जी लांबलचक फट आहे, ती मी निळ्या रेझिनने भरणार. व्हिडिओ पाहिलेत. अकरा. लाकडातून नदी वाहतेय असं दिसतं. सोळा तारखेला दादा जेवायला येतोय. तीन वर्षांनी! वाटणीत टेबल मी ठेवून घेतलं म्हणून थोरल्या भावाने बोलणं टाकलं होतं. तुला साधा खिळा ठोकता येत नाही, तुझ्याकडे त्याचं वाटोळं होईल, असं चार नातेवाइकांसमोर म्हणाला होता. आता ये म्हणावं, बघ म्हणावं.

३ फेब्रुवारी
रेझिन आणलं. मोठा कॅन रेझिनचा, छोटा हार्डनरचा. दोन्ही मिसळले की दगड. दुकानदार फार बोलतो. काट्यावर वजन करूनच मिसळा, एकदम ओतू नका, पातळ पातळ थर द्या, थंडीत ठेवू नका. मी म्हटलं, बरं. माणसाने किती घाबरून जगायचं!
कॅन फ्रिजमध्ये ठेवला. चांगली वस्तू थंड जागीच टिकते, एवढं मला कळतं.

५ फेब्रुवारी
ही म्हणाली, फ्रिजमध्ये एक तर तो कॅन राहील नाहीतर दूध. दूध बाहेर ठेवलं. नासलं. यात कॅनचा काय दोष?

८ फेब्रुवारी
टेबल वर्कशॉपमध्ये नेलं. (घरचे त्या खोलीला अजून अडगळीची खोली म्हणतात. म्हणोत.) कन्येने एक बाजू धरली. दाराच्या चौकटीचा थोडा रंग गेला. हलवताना लक्षात आलं, या टेबलाला आठ पाय आहेत. आठ! चारात भागलं असतं. बाबांना कुठे थांबायचं ते कळतच नसे. खाली फटीवर दोन लोखंडी आकडेही लावून ठेवलेत. त्यांच्यामुळे रेझिन खालून गळू नये म्हणून लावायची चिकटपट्टी नीट बसेना. जिथे बसली तिथे बसली.

११ फेब्रुवारी
कॅन उघडला. आत साखर धरलेल्या मधासारखं दाणेदार, पांढरट. दुकानदाराला फोन. फ्रिजमध्ये ठेवलं होतंत का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, फ्रिजचा काय संबंध? तो म्हणाला, कॅन कोमट पाण्यात ठेवा, पातळ झालं की पूर्ण गार होऊ द्या, मगच हार्डनर घाला. पुन्हा भाषण.

१२ फेब्रुवारी, दुपारी ४
कोमट कशाला? उकळतंच पाणी घेतलं. रेझिन काचेसारखं स्वच्छ झालं. गार व्हायची वाट बघायला मी काही रिकामटेकडा नाही. काटा स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरात ही, म्हणून मोजमाप डोळ्यांनी केलं. हार्डनर सढळ हाताने. जास्त घातला की जास्त पक्कं, साधी गोष्ट. जवळजवळ सगळा कॅन एकदम बादलीत, वर निळा रंग.

४.२०
बादली गरम लागतेय. काम सुरू झालं म्हणायचं.

४.२६
धूर.

४.३५
ओतलं. बादलीचा तळही बरोबर गेला.

५.३०
शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, काय जळतंय हो? कला, असं बाणेदार उत्तर देणार होतो. खोकला आला.

१३ फेब्रुवारी
दगड झाला! कोण म्हणत होतं थर द्या? रंग निळ्याऐवजी हिरवट-पिवळा आलाय, आत बुडबुडे आणि तडे आहेत. खऱ्या नद्या कुठे स्वच्छ असतात? थोडं खालून गळलं, त्यात तीन पाय फरशीला चिकटले. ही म्हणाली, आता टेबल जेवायच्या खोलीत कसं नेणार आहात? मी म्हटलं, जेवण इथे आणू. तिने कपाळावर हात मारून घेतला. कलाकाराच्या घरात हे चालायचंच.

१५ फेब्रुवारी
काल तडे झाकायला कॅनमध्ये उरलेल्या रेझिनचा थर दिला, पुन्हा अंदाजाने. अजून चिकट. कन्या म्हणते, सकाळी बसलेली माशी अजून तिथेच आहे. वर चादर टाकली. चादर निघत नाही. असू दे, शोभतेय. दादाच्या तोंडून वा निघाल्याशिवाय त्याला सोडायचा नाही.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
दादा आला. आल्या आल्या वाकून टेबलाखाली शिरला. मी वरून त्याला नदीची कल्पना समजावत होतो. तो बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा हातात पाना होता. घरून आणलेला.
म्हणाला, अरे, ही फट नव्हती. बाबांच्या वहीत आकृती सापडली, गेल्या महिन्यात. ही दोन टेबलं आहेत, चार-चार पायांची. दोन पोरं आहेत, एकत्र राहतील तोवर एक टेबल, वेगळी झाली की आकडे सोडून प्रत्येकी एक, असं बाबांनी खाली लिहून ठेवलंय. मीही उगाच भांडलो तुझ्याशी. माझं अर्धं न्यावं आणि झालं गेलं मिटवावं म्हणून आलो.
मी म्हटलं, त्यात काय, आत्ता सोडवतो. आकडे पान्याने कसेबसे सुटले. तिकडून दादाने ओढलं, इकडून मी. मग पाचर घातली, हातोडा मारला. माझ्या बाजूची फळी उभी चिरली. जोड तसूभरही हलला नाही.
दादाने शर्टाची बाही चादरीपासून सोडवली. दोन घास खाल्ले, उभ्यानेच. निघताना हिला येतो म्हणाला, कन्येच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मी दारात उभा राहून त्याला हार्डनरचं प्रमाण सांगत होतो.
काम एकदम पक्कं झालंय, असं लिहायला बसलो होतो.
दादा, चुकलो रे. एवढंच म्हणायचं होतं, तेही वहीतच म्हणतोय.