दरोगा फाटकातून उठेपर्यंत

चौघांनी मला उचलले तेव्हा मी जिवंत होतो, शुद्धीवर होतो आणि माझ्यावर कोणताही दबाव नव्हता. पायांना बांधलेली सुतळी सोडून. शिडी डावीकडे कलली होती. त्या बाजूला पुढे माझा मुलगा साकेत होता आणि त्याला खांदा द्यायची सवय नाही. फाटकात दरोगा आडवा पडला होता. तो माझा कुत्रा. त्याने डोके वर केले नाही. फक्त शेपटी थांबली.

"सर, हालू नका," मागून बबिता म्हणाली. "वजन वाढते."

"मी हललो नाही."

"मेलेला मानूस बोलत नसते," किसनसिंग म्हणाला.

माझ्या अंत्ययात्रेची ही तालीम काल सकाळी माझ्या अंगणात झाली. तिच्यात जे घडले त्यामुळे हे मृत्युपत्र लिहिणे भाग आहे. मी, श्रीकृष्ण मनोहर डबीर, वय ७४, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ, ते स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या छातीचा आलेख पाहिला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मला तेवढे पुरले. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात कुत्रा नव्हता.

१. घर. माझे राहते घर साकेत आणि मुलगी भैरवी यांना निम्मे-निम्मे. बँकेतली ठेवही तशीच. मात्र मागच्या दोन खोल्या आणि अंगण दरोगा जिवंत असेपर्यंत उज्ज्वला राठोड हिच्या ताब्यात राहील, आणि दरोगाही. उज्ज्वला पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला आहे आणि पाच वर्षांपासून माझी भाडेकरू आहे. कुत्रा तिनेच आणला. फुलसावंगीजवळच्या तिच्या तांड्यावर त्याने लसीकरणाच्या दोन माणसांना सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवले होते. चावला नाही. तो कधीच चावत नाही. येणाऱ्याला तो आत येऊ देतो. जाणाऱ्याला जाऊ देत नाही.

हे शेवटचे वाक्य वारसांनी पुन्हा वाचावे.

पहिल्या वर्षी आमच्याकडे गॅस सिलिंडर आणणारा एक दुपार राहिला. मीटर पाहायला आलेल्या मुलीने आमच्याकडेच डबा खाल्ला. भैरवीचे सासरे चहाला आले आणि एक रात्र व दोन जेवणे होऊन गेले. त्यांचे-माझे संबंध तेव्हापासून सुधारले, कारण वाईट बोलण्यासारखे जे होते ते सगळे त्या मुक्कामात बोलून झाले.

२. छडी. स्वयंपाकघराच्या दाराआड वेताची छडी आहे. ती लखन याला द्यावी. त्याचे बसस्थानकासमोर चहाचे दुकान आहे. सातवीत असताना तो रोज उशिरा यायचा आणि मी रोज मारायचो. तो किती लांबून चालत येतो हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी मुलांना पुष्कळ प्रश्न विचारले, पण ज्यांची उत्तरे मला माहीत होती तेवढेच.

हीच छडी मी दरोगावर उगारली. त्याने ती दातांत धरली. ओढली नाही, मोडली नाही, नुसती धरली. तिची दोन टोके धरून आम्ही दुपारभर उभे होतो. मी आधी सोडली. लखनने ती चुलीत घालावी. ठेवून घेतली तरी माझी तक्रार राहणार नाही.

३. साडी. पद्मजाची, म्हणजे माझ्या पत्नीची, काळी चंद्रकळा उज्ज्वलाच्या आजीला, रामीबाईंना द्यावी. मी ती नेसणार नाही, असे त्यांनी कळवले आहे. तरी द्यावी.

दरोगा आल्यावर तिसऱ्या महिन्यात मी स्वतःच्याच घरात दोन दिवस अडकलो. फाटकाकडे निघालो की तो आडवा व्हायचा. मी त्याला शुद्ध मराठीत आज्ञा दिल्या. वहीत त्याचे दोष लिहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रामीबाई फुलसावंगीहून बसने आल्या, आत शिरल्या आणि ओसरीवर टेकल्या.

"मास्तर, तुमच्या हातात काय हाय?"

"छत्री."

"पाऊस त कवाच गेला. कायले धरली?"

"कुत्र्यासाठी."

"मंग तो बी तुमच्यासाठीच बसून राह्यला."

त्यांनी सांगितले ते असे. त्यांच्या आजोबांच्या आजोबांच्या काळी तांडा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचा. मुक्कामाला गोण्या उतरवून रचायच्या. त्यांच्यापाशी येणाऱ्याला कुत्रा अडवत नसे, वाटसरू येणारच. निघणाऱ्याचे मात्र हात बघायचे. ज्याच्या हातात काही आहे तो माल घेऊन चालला. "आता बैल नाई, गोन्या नाई," त्या म्हणाल्या. "पन याले कोनी सांगतलं नाई. तुमी चोर नाई हे याले कसं समजन? खाली बसा. हात दाखवा. आन् तोंड बंद ठेवा, तुमाले तेच जमत नाई."

मी जमिनीवर बसलो आणि दोन्ही तळहात पुढे केले. पहिल्यांदा तीन तास लागले. हात पहिल्या मिनिटालाच रिकामे होते. राग जायला बाकीचा वेळ लागला. तो गेला की दरोगा आपण होऊन उठतो. हल्ली मला सात मिनिटे पुरतात.

४. रविवारची बैठक. ही गोष्ट पसरली आणि लोक आपापली अवघड कुत्री घेऊन येऊ लागले. एकाचे कुत्रे फक्त पाहुण्यांच्या चपला पुरायचे. मुकुटबनहून एक गृहस्थ जीप करून आले. कुत्रे जीपमधून उतरेना, तेव्हा ते एकटेच उतरले. मी त्यांना शिकवले. परत गेल्यावर कुत्रे सुधारल्याचे त्यांनी फोनवर सांगितले. कुत्र्याला मी अजून पाहिलेले नाही. ही बैठक उज्ज्वलाने पुढे चालवावी. फी घेऊ नये. पट्टा, साखळी, काठी फाटकाबाहेर ठेवावी. इथे कुत्र्यांना शिकवत नाहीत, ही पाटी काढू नये.

५. बादली. शेजारी सुनील याने एकदा दरोगावर गरम पाणी फेकले. दुसऱ्या दिवशी तो क्षमा मागायला आत आला. आत आला, म्हणजे पुढचे सहा तास आमच्याकडेच होता. मी त्याला लगेच माफ केले, पण माझ्या माफीला त्या अंगणात किंमत नव्हती. त्याला आमची पितळी बादली द्यावी.

६. अंत्यविधी. हे कलम सर्वांत महत्त्वाचे. बाकीची मोडली तरी चालतील.

साकेत मंगळवारी पुण्याहून आला. "बाबा, माझ्याकडे चला. लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. कुत्र्याचं उज्ज्वला बघेल. एक इंजेक्शन. त्याला कळणारही नाही."

"दादा, मी देनार नाई," उज्ज्वला म्हणाली.

"मग दुसरं कोणी देईल."

साकेत दुष्ट नाही. त्याला वेळ नाही. मी त्याला म्हणालो, "मी मेल्यावर हा तुम्हाला मला बाहेर नेऊ देणार नाही." तो हसला. म्हणून तालीम ठरली. तिरडीच्या जागी भिंत रंगवायची शिडी घेतली. खांद्याला साकेत, निवृत्त वाहक किसनसिंग, शेजारची शिवणकाम करणारी बबिता आणि उज्ज्वला. बायकांनी खांदा द्यावा का, यावर किसनसिंग पाच मिनिटे बोलला. बबिताने त्याला, तुमी मेल्यावर तुमाले कोन उचलनार ते आत्ताच पाहून ठेवा, असे सांगितले आणि तो विषय संपला.

फाटकाशी दरोगा उठला नाही. साकेतने पाय आपटला. दरोगाने शिडीचा दांडा तोंडात धरला आणि डोळे मिटले. साकेतने खांदा सोडून भिंतीला टेकवलेली छत्री घेतली आणि उगारली. एक खांदा कमी झाला आणि मी तिरका झालो. शेवटी पायांची सुतळी सोडवून मला तिरडीवरून उतरावे लागले. दरोगासमोर बसून मी तळहात दाखवले, तेव्हा तो उठला. प्रत्यक्षात ही सोय राहणार नाही.

उज्ज्वलाने आजीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. रामीबाई म्हणाल्या, "चौघांचे हात भरेल हाय त तो कसा सोडन? त्याले वाटते, तुमी मास्तरले चोरून नेऊन राह्यले."

चार वर्षे मी शोधत होतो की या घरात दरोगा नेमके काय राखतो. घरात राखण्यासारखे काही नाही. पुस्तकांना वाळवी आहे.

म्हणून सूचना. मला फाटकाशी न्यावे आणि जमिनीवर ठेवावे. नेणाऱ्या चौघांनी खाली बसावे, तळहात उघडे ठेवावेत आणि गप्प राहावे. दरोगा आपण होऊन उठेपर्यंत मला उचलू नये. काठी, गरम पाणी, जाळे, गुंगीचे औषध वापरू नये. मागच्या भिंतीवरून नेऊ नये. बबिताने तसे सुचवले आहे. गुरुजींना वेळ सांगू नये. एक दिवस लागला तरी मी थांबेन. सहा वर्षांपूर्वी पद्मजाला आम्ही वीस मिनिटांत बाहेर काढले. ऊन होत होते. घाई मीच केली. तिच्याजवळ कोणी बसले नाही, मीही नाही.

दुपारी आम्ही या पद्धतीने दुसरी तालीम केली. विसाव्या मिनिटाला साकेतचा फोन वाजला. तो उठला, बोलत विहिरीकडे गेला. दरोगाने त्याच्याकडे पाहिले आणि पंजांवर तोंड ठेवले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा फोन. चार वाजता किसनसिंगचे गुडघे धरले आणि तालीम सोडून दिली. उरलेले तिघे बसू शकतात, हे मी पाहिले आहे. माझा मुलगा बसू शकत नाही. मी गेलो की अग्नी देण्याच्या घाईत तो कोणाला तरी बोलावून कुत्रा संपवील, ही मला भीती आहे. ती मी त्याच्या तोंडावर बोलून दाखवली.

"बाबा, तो कुत्रा आहे."

"हो."

"आणि मी तुमचा मुलगा आहे."

"म्हणूनच तुला सांगावं लागतं."

तेव्हा असे लिहितो: माझ्याजवळ, दरोगा उठेपर्यंत, जो बसेल त्याने अग्नी द्यावा. साकेत बसला तर साकेतने. नाही बसला तर उज्ज्वलाने, ती साकेतवर नाराज नसेल तर. असली तर आधी ती नाराजी जाऊ द्यावी, नाहीतर सगळ्यांनाच उशीर होईल.

हे मी वाचून पाहिले. अर्थ मला मान्य आहे, भाषा दोन ठिकाणी सैल आहे, पण आता हात थकला. उज्ज्वलाला यात वाटा असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. साकेतला वाचून दाखवले.

स्थळ : नेर, जिल्हा यवतमाळ
दिनांक : १५ नोव्हेंबर २०२५

(सही) श्रीकृष्ण मनोहर डबीर

आमच्यासमोर सरांनी सही केली व सरांसमोर आम्ही केली :
१. (सही) किसनसिंग पवार, निवृत्त वाहक
२. (सही) बबिता गावंडे, शिवणकाम

दुसऱ्या दिवशीची नोंद, माझ्याच हातची : रविवारी सकाळी साकेत पुण्याला जायला बॅग घेऊन निघाला. दरोगा फाटकात आडवा झाला. साकेतने बॅग ओसरीवर परत आणून ठेवली, फोन बंद करून बॅगेवर ठेवला आणि जाऊन मातीत बसला. साडेनऊची गाडी गेली. बैठकीला आलेली माणसे आपापली कुत्री धरून रस्त्याच्या कडेला बसली. त्यांना कोणी सांगितले नव्हते. सव्वाअकराला दरोगा उठला, अंग झाडले आणि पाणी प्यायला मागे गेला. फाटक मोकळे होते. साकेत उठला नाही.