आधाराचा दांडा

४ फेब्रुवारी

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

तुम्ही बऱ्या असाल. गुडघ्यांचं विचारत नाही, कारण विचारलं की तुम्ही 'आहेत जागेवर' एवढंच लिहिता. मी ठणठणीत आहे. चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय, त्यामुळे अक्षर मोठं आलं तर हसू नका.

बातमी म्हणाल तर मी घरात बाथरूम बांधतेय. आतल्या खोलीला लागून अडगळीची खोली होती ना, जिथे तुमचे दीर मोडके पंखे जमवून ठेवायचे, 'कधीतरी उपयोगी पडतील' म्हणून? ते पंखे अखेर भंगारात दिले. देताना जीव तुटला, पण दिले. आता तिथे चार फूट बाय सहा फुटांचं छोटंसं बाथरूम होईल. पायरी नाही, उंबरा नाही. पलंगावरून उठायचं आणि सरळ चालत जायचं. आल्यागेल्याला बरं.

काल नळ बघायला दुकानात गेले होते. बाई गं, नळांचे काय ते प्रकार! एक हंसाच्या मानेसारखा, एक नुसता हात पुढे केला की सुरू होणारा. दुकानदार मोठ्या कौतुकानं म्हणाला, "मावशी, हा घ्या. पाणी पडल्याचं कळतसुद्धा नाही, इतका शांत." मी म्हटलं, "मला आवाज करणारा हवा." तो माझ्याकडे बघतच राहिला. "आवाज येतो म्हणून लोक नळ परत आणतात हो," म्हणाला. पण माणूस सज्जन. आतल्या फळीवरून एक जुन्या पद्धतीचा जड पितळी नळ शोधून आणला, पाइपाला जोडला आणि खाली बादली ठेवून सोडला. तो धो धो आवाज ऐकला आणि मी भर दुकानात डोळे मिटून उभी राहिले. बिचारा धावत खुर्ची घेऊन आला. त्याला वाटलं, मला चक्कर आली.

नळ ठरला. आता टाइल्सचा रंग तुम्ही सांगा. फिकट हिरवा की साईसारखा पिवळसर? पांढऱ्यावर मी आधीच काट मारलीय. पांढऱ्या भिंती बघितल्या की इस्पितळ आठवतं, आणि आपण दोघींनी इस्पितळं पुरेशी पाहिली.

उत्तर लवकर धाडा. गवंडी खोळंबलाय.

तुमची,
धाकटी

१ मार्च

थोरल्या जाऊबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. रंगाबद्दल 'तुला आवडेल तो घे', मग दोन पानं नातवाची परीक्षा, सुनेची नोकरी, आणि शेवटी 'एवढा खटाटोप कशाला करतेस, घाई करू नकोस.' मुलाकडे तुमचं सगळं व्यवस्थित चाललंय हे वाचून बरं वाटलं. ते वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय, म्हणून दोनदा वाचलं.

घाई मी कुठे करतेय? हिरव्या टाइल्स आणल्या, त्या उजेडात शेवाळलेल्या दिसायला लागल्या, परत पाठवल्या. पिवळसर आणल्या, त्या अशा गुळगुळीत निघाल्या की ओला पाय पडला तर माणूस थेट पलीकडच्या भिंतीवर. त्याही परत. बेसिन कोपऱ्यात घ्यावं की खिडकीखाली, यावरून जमिनीवर खडूनं आखणं आणि पुसणं चाललंय. गवंडी म्हणाला, "काकू, एवढ्यात माझं लग्न होऊन पोरं शाळेत गेली असती." त्याचं लग्न झालेलं आहे आणि पोरंही शाळेत जातात, पण बोलायला काय जातं!

परवा लेकीचा फोन. "आई, एका माणसाला दोन बाथरूम कशाला? एकात आंघोळ आणि दुसऱ्यात काय, नुसते पाय धुणार?"

मी म्हटलं, "पाहुणेरावळे येतात."

"आपल्याकडे मोठ्या काकूशिवाय येतं कोण?"

मी दुधाचं निमित्त सांगून फोन ठेवला. पोरगी बापावर गेलीय, नको तिथे डोकं चालतं.

तेव्हा आता आडपडदा नको. जाऊबाई, हे बाथरूम तुमच्यासाठी आहे. गेल्या खेपेला तुम्ही महिनाभर राहायला म्हणून आलात आणि चौथ्याच दिवशी पिशवी भरायला घेतली. "घर छान आहे गं तुझं, पण मागच्या दारच्या मोरीच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत." तुम्हाला गाडीत बसवून आले आणि त्याच पायऱ्यांवर किती तरी वेळ बसून राहिले. बसल्या बसल्या मनात आलं, आडव्या येतायत त्या पायऱ्याच ना? मग त्यांच्यावर इलाज आहे.

पण काम जसजसं पुढे सरकतंय तसतसा माझा जीव टांगणीला लागलाय. टाइल्स मी रंगासाठी परत करत नाही. बाथरूम पुरं झालं की तुम्हाला सांगायला पायऱ्या उरणार नाहीत, आणि तरीही तुम्ही आला नाहीत, तर अडचण पायऱ्यांची नव्हतीच हे मला कळेल. म्हणून काम अर्धवट आहे तोवरच बरं वाटतं.

मुलगा असताना जावेकडे जाऊन राहते, लोक काय म्हणतील? तेच असेल ना तुमच्या मनात? बहीण असते तर हक्कानं भांडले असते. जावेला कसला आलाय हक्क! ज्या दोन भावांमुळे आपण एका घरात आलो, ते दोघेही राहिले नाहीत. आता मी तुमची कोण, असं कोणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही.

एवढंच सांगता येतं की त्या भरल्या घरात मोरी एकच होती, आणि आपल्याला रडायला जागाही तेवढीच. आत जायचं आणि नळ पूर्ण सोडायचा. सासूबाई ओसरीवरून ओरडायच्या, "पाणी काय फुकट येतं का?" पण तुमच्या वेळी नळाचा आवाज वाढला की मी हातातलं टाकून धुण्याची बादली घेऊन दाराशी उभी राहायचे, मध्येच कोणी कडी वाजवू नये म्हणून. माझ्या वेळी तुम्ही. बाहेर आल्यावर तुम्ही कधी काही विचारलं नाहीत. "साबण संपला का गं?" एवढंच. त्या साबणाच्या प्रश्नावर मी त्या घरात संसार केला, जाऊबाई.

आता नळ कितीही मोठा सोडला तरी दाराशी कोणी नसतं. फार आठवण येते तुमची. सकाळी चहा टाकताना हात आपोआप दोन कप घेतो आणि एक परत ठेवतो.

गवंडी हाका मारतोय. बेसिन खिडकीखाली घ्यायचं ठरवलं.

तुमची,
धाकटी

२३ मार्च

थोरल्या जाऊबाईंना नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. रागावल्या असाल, किंवा रागावल्या नसाल आणि काय लिहावं ते सुचत नसेल. मी रोज पेटी उघडून बघते. विजेचं बिल मात्र वेळेवर येतं.

बाथरूम झालं. टाइल्स शेवटी साईच्या रंगाच्या घेतल्या. भिंतीला गुळगुळीत आणि खाली खरबरीत, पाय घट्ट धरून ठेवणाऱ्या. कमोड थोडा उंच बसवून घेतला. आरशाखाली रुंद फळी आहे, तुमची तेलाची बाटली, फणी आणि कवळीची वाटी शेजारी शेजारी मावेल. खिडकीला धुरकट काच घातली, उजेड येतो पण बाहेरचं कोणी दिसत नाही. उतार बघायला गवंड्यानं तांब्याभर पाणी ओतलं, ते इकडेतिकडे न रेंगाळता सरळ जाळीकडे गेलं. त्यानं असं बघितलं माझ्याकडे, जणू गंगाच उतरवलीय. आणि नळ सोडला की अख्ख्या घरात ऐकू येतो. स्वयंपाकघरात उभं राहून मी खात्री करून घेतली.

फक्त एक काम राहिलंय. कमोडशेजारी भिंतीला धरून उठायला स्टीलचा दांडा बसवायचा आहे. गवंडी म्हणाला, "किती उंचीवर घेऊ? जाऊबाई तुमच्याएवढ्याच का?" मी म्हटलं, "छे, माझ्याहून चार बोटं उंच." मग मी टाचा उचलून, हात लांब करून, तुमच्यासारखी ताठ उभी राहिले. तोल जायला लागला तसा गवंड्याचा खांदा धरला. तो हसायला लागला, मीही हसले, आणि त्यानं पेन्सिलीनं भिंतीवर खूण केली.

ड्रिल लावायला गेला आणि मला एकदम आठवलं. गेल्या खेपेला गाडीत बसताना तुम्ही मला जवळ घेतलंत. एरवी तुमचा गाल माझ्या कपाळाला टेकायचा. त्या दिवशी तुमचा गाल माझ्या गालाला लागला. तेव्हा लगबगीत लक्षात आलं नाही. तुम्ही खाली आलात, जाऊबाई. आणि त्यालाही आता बराच काळ लोटला. आज तुम्ही किती उंच आहात, हे मला माहीतच नाही.

मी ओरडले, "थांब, भोक पाडू नको!" त्यानं कपाळाला हात लावला. "काकू, टाइलला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही. ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच उभं करा ना इथे. पाच मिनिटांचं काम."

आता तुम्हीच बघा. पाच मिनिटांच्या कामासाठी माणूस अडलाय. तुम्ही जाताना निमित्त सांगून गेलात, मी येण्यासाठी निमित्त पाठवतेय. मुलाला सांगा, सुनेला सांगा, शेजारीपाजारी कोणी विचारलं तर त्यांनाही सांगा, की धाकटीकडे दांड्याचं माप द्यायला जातेय. किती दिवस लागतील असं मुलानं विचारलंच, तर सांगा, काही नेम नाही, तिला लवकर काही पसंत पडत नाही.

साबण आणून ठेवलाय.

बादली घेऊन दाराशी उभी असलेली,
तुमची धाकटी